जुन्या ९४४ च्या कूलंटमध्ये तेल: हेड उतरवण्याआधी ऑइल कूलर उघडा

प्रश्न थोडक्यात असा. गाडी १९८६ ची पोर्शे ९४४. टर्बो नसलेली, आठ व्हॉल्व्हचं २.५ लिटरचं इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स, उजव्या हाताचं स्टीअरिंग, इंग्लंडमधली. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीत काठाला तपकिरी चिकट थर जमतोय. गाडी थांबवली की एक्झॉस्टच्या बाजूने जळक्या तेलाचा वास येतो आणि रात्रभरात खाली दोन-चार ठिपके पडतात. डिपस्टिकवरचं तेल मात्र स्वच्छ दिसतं. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, टाकीत डोकावला आणि 'हेड गॅस्केट गेलंय', म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील फुटलंय, म्हणून सांगितलं. त्याने सांगितलेला आकडा ऐकून तुम्ही गाडी विकायला निघालात.

गाडी विकू नका, आणि हेडही उतरवू देऊ नका, निदान एवढ्यात तरी. मी मिडलँड्समध्ये बरीच वर्षं जुन्या जर्मन गाड्यांचं काम करतोय. तुम्ही लिहिलेली लक्षणं ९४४ च्या बाबतीत बहुतेक वेळा एकाच जागेकडे बोट दाखवतात: ब्लॉकच्या एक्झॉस्टच्या बाजूला, मॅनिफोल्डखाली (जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांखाली) बसवलेलं ऑइल कूलरचं हाउसिंग. गंमत म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारी, टाकीतलं तेल आणि खालचे ठिपके, त्याच एका हाउसिंगच्या असू शकतात.

आधी आत काय आहे ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या तपासण्या का करायच्या ते कळेल. या गाडीत तेल थंड करायला पुढे वाऱ्यात वेगळा रेडिएटर नाही. तो टर्बोत असतो. साध्या ९४४ मध्ये ब्लॉकच्या कुशीतच एक पोकळी आहे, तीतून कूलंट वाहतं, आणि त्या कूलंटमध्ये पातळ पत्र्याच्या थरांचा एक छोटा कूलर बुडालेला असतो. कूलरच्या आतून तेल, बाहेरून पाणी. बाहेरून झाकण म्हणून ॲल्युमिनियमचं हाउसिंग. तेलाचा फिल्टर याच हाउसिंगवर चढतो, प्रेशरचा सेंडर (तेलाचा दाब मोजून काट्याला कळवणारा) यातच बसतो, आणि प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हही (दाब जास्त झाला की तो कमी करणारा) यातूनच आत जातो. कूलर आणि हाउसिंग यांच्यामध्ये रबरी सील, हाउसिंग आणि ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केट. तेल आणि पाणी वेगळं ठेवायची सगळी जबाबदारी या सीलवर. मॅनिफोल्डच्या उष्णतेत, एका अंगाला तेल आणि दुसऱ्या अंगाला कूलंट झेलत पस्तीस-चाळीस वर्षं काढलेलं रबर लवचीक राहत नाही. काढलेलं सील हातात घ्या आणि नखाने दाबून बघा: खळी पडत नाही, आणि वाकवलं की काडीसारखं मोडतं.

आता दाबाचा हिशेब. इंजिन चालू असताना, फिरत्या वेगात तेलाचा दाब चार-पाच बार असतो. कूलंटचा दाब गाडी पूर्ण गरम झाल्यावरही साधारण एक बारच्या आसपास. दोघांमधला पडदा फाटला तर जोर तेलाचा, म्हणून तेल पाण्यात जातं. डिपस्टिक स्वच्छ राहते ती यामुळेच.

हेड गॅस्केटचं तसं नाही. ते बहुतेक वेळा सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये फुटतं. मग जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतो, सकाळी गाडी सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो, टाकीत बुडबुडे येतात, पाणी कमी होत जातं, मागून पांढरा धूर निघतो. नाहीतर ते पाण्याची वाट आणि तेल खाली उतरायची वाट यांच्यामध्ये फुटतं. उतरणाऱ्या तेलाला दाब नसतो, दाब पाण्याला असतो, म्हणून अशा वेळी पाणी तेलात जातं आणि डिपस्टिक दुधाळ होते. हेड गॅस्केटमुळे तेल पाण्यात यायचं तर ते फक्त हेडला तेल पुरवणाऱ्या दाबाच्या वाटेजवळच फुटलेलं असायला हवं. तसं होतच नाही असं मी म्हणणार नाही, पण पहिला संशय तिथे घ्यायचं कारण नाही.

तुमच्या गॅरेजवाल्याने यातलं काहीच तपासलेलं नाही. टाकीतला तपकिरी थर बघून निदान होत नाही. त्यातून एवढंच कळतं की पाण्यात काहीतरी मिसळलंय.

आणि ते तेलच आहे का, हेही आधी बघा. जुन्या गाड्यांमध्ये मागच्या मालकाने गळती थांबवायची पावडर ओतलेली असते, किंवा दोन न जुळणारी कूलंट एकत्र केलेली असतात. त्यांचाही तपकिरी गाळ होतो. चमचाभर थर काढून साध्या पांढऱ्या कागदावर ठेवा आणि कागद कोमट जागी वाळू द्या. पाणी उडून गेल्यावर तेलकट, आरपार उजेड दिसणारा डाग राहिला तर तेल आहे. नुसती तपकिरी भुकटी राहिली तर गंज किंवा गाळ. उलट बाजूने, तेल भरायच्या झाकणाखाली हिवाळ्यात दिसणारा पिवळट फेस बघून घाबरू नका. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत बाष्प साचून तो होतो. तासभर मोटरवेवर गाडी चालवली की जातो.

तेलच आहे असं ठरलं तर तपासणीचा क्रम माझ्याकडे ठरलेला आहे. आधी ज्वलनवायूची चाचणी. टाकीच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा निळ्या द्रवातून ओढायची. एक्झॉस्टचा वायू असेल तर निळ्याचं पिवळं होतं. किट स्वस्तात मिळतं आणि घरी करता येतं. मात्र टाकीतलं पाणी थोडं कमी करून घ्या. तेलकट पाणी नळीत चढलं तर द्रव खराब होतो आणि निकाल भलताच येतो. यानंतर लीक-डाउन: प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, स्पार्क प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि टाकीचं झाकण काढून बघत बसायचं. चारही सिलिंडरला टाकीत एकही बुडबुडा नाही, द्रव निळाच राहिला, आणि डिपस्टिक स्वच्छ, तर हेड गॅस्केटवरचा आरोप जवळजवळ निकालात निघतो.

यापुढची चाचणी गॅरेजवाले सहसा करत नाहीत, पण मला ती आवडते. इंजिन थंड, टाकी काठोकाठ भरलेली. हाउसिंगवरचा प्रेशर सेंडर काढायचा आणि त्याच्या भोकात ॲडॅप्टर बसवून रेग्युलेटरमधून तीन बार हवा सोडायची. बरीचशी हवा बेअरिंगमधून निसटून खाली सम्पमध्ये (तेल साठतं त्या तळाच्या भांड्यात) जाते, त्याचा फुसफुस आवाज येतो, तो येऊ द्या. लक्ष टाकीकडे ठेवा. तिथे बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली तर दाबाचं तेल आणि पाणी यांच्यामध्ये वाट आहे हे डोळ्यांनी दिसलं. वाट कूलरची की हेडच्या तेलपुरवठ्याची, हे यातून सांगता येत नाही. तरी हाउसिंगच आधी उघडायचं, आणि त्यामागचं गणित सोपं आहे. हाउसिंग काढायला टायमिंग बेल्टला (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्याला) हात लावावा लागत नाही. हेड काढायला बेल्ट उतरवावा लागतो, आणि या इंजिनात बेल्टची जुळणी चुकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. शिवाय समजा दोष हेड गॅस्केटचाच निघाला, तरी एवढ्या जुन्या गाडीत कूलरची सील बदलावीच लागणार होती. म्हणजे हाउसिंग उघडण्याची मेहनत कुठल्याच परिस्थितीत वाया जात नाही.

आता खालच्या ठिपक्यांबद्दल. ९४४ खालून सगळीकडे तेलकट असते आणि वारा तेल मागे पसरवतो, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते. इंजिन आधी डिग्रीझरने धुवा, मग तेलात चालणारा यूव्ही डाय टाका, थोडी गाडी फिरवा आणि अंधारात निळ्या टॉर्चने बघा. इंजिनाच्या समोरून तेल येत असेल तर क्रँक आणि बॅलन्स शाफ्टची सील बघायची. ती बेल्टच्या कामात बदलतात, आज नाही. इनटेक मॅनिफोल्डच्या बाजूने, ब्लॉकवरून ओघळ येत असेल तर ऑइल-एअर सेपरेटरची (इंजिनातल्या वाफेतून तेल वेगळं करणाऱ्या भागाची) सील. ते काम इनटेक काढल्याशिवाय होत नाही. एक्झॉस्टच्या बाजूला असेल तर उरतात तीन जागा: फिल्टरचं रबर, प्रेशर सेंडर आणि हाउसिंगचं गॅस्केट. सेंडर फसवतो. त्याच्या आट्यातून तेल येत नाही, पत्रा आणि प्लॅस्टिक जिथे दाबून जोडलेलं असतं तिथून ते पाझरतं आणि हाउसिंगवरून खाली ओघळतं, मग वाटतं गॅस्केटच गेलंय. सेंडरचं प्लॅस्टिक कोरड्या कापडाने पुसा, पाच मिनिटं इंजिन चालवा, पुन्हा पुसा. कापडावर तेल आलं तर सेंडर बदला.

ही बाहेरची गळती हलक्यात घेऊ नका. मॅनिफोल्ड तिथून बोटभर अंतरावर आहे. एमओटीमध्ये (ब्रिटनमधल्या गाड्यांच्या वार्षिक तपासणीत) पाच मिनिटांत ७५ मिलिमीटरपेक्षा मोठं थारोळं झालं तर गाडी नापास होते. तुमचे दोन-चार ठिपके त्यात बसत नाहीत, पण पास झाली म्हणजे ठीक आहे असंही नाही. तेल एक्झॉस्टवर पडतंय.

प्रत्यक्ष कामाला लागायचं तर हाउसिंगपर्यंत पोचायला आधी मॅनिफोल्ड उतरवावं लागतं, आणि सगळ्यात त्रासाची गोष्ट कूलर नाही, त्या मॅनिफोल्डचे नट आहेत. काम सुरू करायच्या आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी त्यांच्यावर पेनिट्रेटिंग ऑइल मारत राहा. नट ढिला झाला की सरळ उघडत सुटू नका. पाव फेरा उघडा, थोडा परत आवळा, पुन्हा उघडा, पुन्हा तेल मारा. स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आहेत. जोर लावून मोडलात तर दोन संध्याकाळचं काम दोन आठवड्यांचं होतं. नट अजिबात हलत नसेल तर फक्त नट तापवा, आणि तापवण्याआधी आजूबाजूचं सगळं तेल आणि ते पेनिट्रेटिंग ऑइलही धुऊन काढा. उजव्या हाताच्या गाडीत स्टीअरिंगचा दांडाही याच बाजूने खाली जातो, त्यामुळे हात घालायला जागा आणखी कमी. डाव्या हाताच्या गाडीचे व्हिडिओ बघून वेळेचा अंदाज बांधू नका.

कूलंट आणि तेल दोन्ही काढायचं. तेल काढताना एक बारीक गोष्ट करा, तिच्यातून बरंच कळतं. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी सम्पचा प्लग अगदी हळू ढिला करा, पूर्ण काढू नका, आणि पहिले थेंब काचेच्या बरणीत धरा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि आधी बाहेर येतं. तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो हे मी वर लिहिलं, पण ते इंजिन चालू असताना. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब काही सेकंदांत शून्य होतो, आणि गरम कूलंटचा दाब मात्र बराच वेळ टिकतो. तेवढ्या वेळात त्याच फाटक्या सीलमधून थोडं कूलंट तेलात परत येतं. डिपस्टिकवर ते दिसण्याइतकं नसतं, पण बरणीच्या तळाशी हिरवट किंवा निळसर थेंब दिसले तर समजा की कूलंटमधलं ग्लायकॉल बेअरिंगपर्यंत पोचलंय. याच्याकडे मी शेवटी येतो.

हाउसिंग काढण्याआधी प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह बाहेर काढा. हा व्हॉल्व्ह हाउसिंगमधून जाऊन ब्लॉकमध्ये बसतो, तो आत असताना हाउसिंग ओढलं तर दोन्ही खराब होतील. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये तो तीन भागांचा आहे, नंतरच्यांत एकाच तुकड्याचा. १९८६ च्या गाडीत मी जुन्या प्रकारचा धरून चालेन, पण मागच्या मालकाने काय बसवलंय ते उघडल्यावरच दिसेल. पिस्टनवर ओरखडे असतील, किंवा तो स्वतःच्या वजनाने सरकत नसेल, तर नवा घ्या. इथे पैसे वाचवू नका.

हाउसिंग सुटल्यावर कूलर वेगळा करा आणि लगेच धुऊ नका. आधी नीट बघा. सीलच्या खाचेत एका जागी तपकिरी चिखल जमलेला आणि बाकी स्वच्छ असं दिसलं तर गळती तिथूनच होती. सील चौकोनी, चपटं आणि कडक झालेलं असेल तर रबर म्हातारं झालंय, सरळ गोष्ट आहे. सील बरं दिसत असेल आणि तरी तेल पाण्यात येत असेल, तर पत्र्यावर संशय घ्या. ज्या गाड्यांचं कूलंट वर्षानुवर्षं बदललेलं नसतं, त्यातली गंजरोधक द्रव्यं संपून जातात आणि कूलर पाण्याच्या बाजूने सुईच्या टोकाएवढ्या भोकांनी खाल्ला जातो.

म्हणून कूलर परत बसवण्याआधी त्याची दाबचाचणी करायचीच. एका बाजूचं तोंड रबर आणि पट्टी आवळून बंद करा, दुसऱ्या बाजूला हवेचा नोझल असलेली पट्टी बसवा, आणि कूलर बादलीभर गरम पाण्यात बुडवा. पाणी हाताला सोसणार नाही इतकं गरम हवं. काही भेगा पत्रा तापून फुगल्यावरच उघडतात, गार पाण्यात त्या साफ लपून राहतात. हवा तीन-चार बारपर्यंत हळूहळू वाढवा आणि दहा मिनिटं थांबा. चष्मा घाला, तोंड बादलीवर आणू नका. पट्टी निसटली तर उकळतं पाणी अंगावर येईल. एक जरी बुडबुडा सतत एका जागेहून येत असेल तर कूलर बाद. डाग देऊन, ब्रेझिंग करून तो वापरायचा मोह होतो. मी करत नाही. थर इतके जवळ आहेत की आत किती ठिकाणी पातळ झालंय ते दिसत नाही.

हाउसिंगचा पृष्ठभाग सपाट आहे का, हे सरळ धारेची पट्टी लावून, पाठीमागे टॉर्च धरून बघा. उजेडाची रेघ दिसली तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, थोडं तेल टाकून, आठच्या आकड्यात हाउसिंग घासा. दोन-चार मिनिटांत उंच-सखल भाग चमकून दिसतात. ब्लॉकच्या बाजूचं जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा. तिथे लोखंडी ब्लेड किंवा ड्रिलला लावायची घासणारी चकती वापरली तर मऊ ॲल्युमिनियमवर खळगे पडतात, आणि त्याची बारीक भुकटी तेलाच्या वाटेत शिरली तर थेट बेअरिंगमध्ये जाते. तेलाची भोकं आधी स्वच्छ कापडाने बंद करा.

सील आणि गॅस्केट कंपनीचीच, किंवा तिला माल पुरवणाऱ्याची घ्या. बाजारात मापाने 'चालेल' अशी ओ-रिंग मिळते. काम मात्र तेल, गरम कूलंट आणि दाब तिन्ही सोसायचं आहे, तिथे नुसतं माप पुरत नाही. सीलला तेलाचा हात लावा. सिलिकॉन सीलंट लावू नका, कुठेही नाही. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला लोंबतं, सुटतं, आणि कुठल्यातरी बारीक वाटेत अडकतं.

बसवताना या गाडीची एक खास अडचण आहे. तीन भागांच्या व्हॉल्व्हचा पिस्टन हाउसिंग आणि ब्लॉक अशा दोन तुकड्यांतून सरकतो. हाउसिंग केसभर जरी सरकून बसलं तर पिस्टन अडतो. त्यासाठी पोर्शेचं ९२१५ नंबरचं हत्यार आहे, एक घासून गुळगुळीत केलेला दांडा. व्हॉल्व्हच्या जागी तो घालायचा, हाउसिंगचे बोल्ट आवळायचे, मग दांडा हाताने सहज बाहेर आला पाहिजे. अडकून आला तर बोल्ट ढिले करून पुन्हा. आठ मिलिमीटरच्या बोल्टला २० न्यूटन-मीटर, तेही एका दमात नाही, आडव्या-तिरप्या क्रमाने दोन फेऱ्यांत. हे हत्यार जुन्या पोर्शेवाल्यांच्या क्लबात उसनं मिळतं. ते न वापरता घाईत केलेल्या कामानंतर 'सील बदलली आणि आता तेलाचा दाबच येत नाही' किंवा 'काटा पाचावरून हलतच नाही' अशा तक्रारी येतात. दोन्हीचं कारण बहुधा अडकलेला पिस्टन असतो.

आता धुणं. खरं सांगायचं तर अर्धं काम हेच आहे, आणि लोक इथेच कंटाळतात. तेलाने माखलेली कूलिंग सिस्टीम तशीच ठेवली तर रेडिएटर उष्णता नीट सोडत नाही आणि रबराची वाट लागते. कूलंटचे होज ज्या रबराचे असतात त्याला पाणी चालतं, तेल चालत नाही. तेलाने ते फुगतं, मऊ पडतं. होज बोटांनी दाबून बघा. क्लॅम्पजवळ फुगवटा असेल किंवा हाताला गुबगुबीत, चिकट लागत असेल तर धुऊन उपयोग नाही, बदला. हीटरकडे जाणारे दोन होज लोक विसरतात, आणि पुढे तेच फुटतात.

थर्मोस्टॅट काढून ठेवा. या गाडीत तो वॉटर पंपाच्या तोंडाशी, सर्क्लिपने अडकवलेला असतो. हीटर पूर्ण गरमवर ठेवा म्हणजे त्याची वाट उघडी राहील. रेडिएटर बाहेर काढून उलट्या दिशेने वेगळा धुवा. टाकीही काढा: मूठभर तांदूळ, कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घालून खळखळून हलवा, घरी अरुंद तोंडाची बाटली धुतो तशी. कोपऱ्यातला थर तांदूळ खरवडून काढतात. मात्र तांदळाचा एकही दाणा गाडीत जाता कामा नये, म्हणून टाकी बाहेर काढूनच. इंजिनासाठी फेस न होणारा, ॲल्युमिनियमला चालणारा डिग्रीझर घ्या. डिशवॉशरची पावडर वापरायची पद्धत जुनी आहे आणि तेल निघतंही, पण ती क्षारधर्मी असते, आणि या इंजिनाचा ब्लॉक, हेड, सगळं ॲल्युमिनियमचं आहे. वापरायचीच तर अगदी थोडी, आणि गाडी गरम होईपर्यंत चालवून लगेच काढून टाकायची. रात्रभर ठेवायची नाही. धुतलेलं पाणी निवळ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा भरा, गरम करा, काढा. ब्लॉकचा वेगळा ड्रेन प्लग आहे, तो उघडला नाही तर तळाचं घाणेरडं पाणी आतच राहतं. शेवटची फेरी डिस्टिल्ड पाण्याची.

काढलेलं कूलंट आणि तेलमिश्रित पाणी गटारात सोडू नका, कौन्सिलच्या रीसायकलिंग केंद्रावर द्या. आणि बादली उघडी ठेवून आत चहाला जाऊ नका. ग्लायकॉल गोड लागतं, मांजरं-कुत्री चाटतात आणि मरतात.

भरताना ॲल्युमिनियमसाठीचं फॉस्फेटविरहित कूलंट, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. गाडीचं नाक थोडं उचला, हीटर गरमवर, आणि हेडच्या पुढच्या टोकाला पाण्याच्या आउटलेटवर असलेला हवा काढायचा स्क्रू ढिला ठेवून हळूहळू भरा. त्यातून बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा. स्क्रू पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा असतो, हाताला बेताने. नवं तेल, नवा फिल्टर टाकल्यावर थेट सुरू करू नका. डीएमई रिले (इंजिनाच्या कंप्यूटरला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा) काढून ठेवा, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही बंद राहतात, आणि तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत थोडं थोडं क्रँक करा, म्हणजे स्टार्टरने फिरवा. मग रिले लावून सुरू करा आणि पहिली दहा मिनिटं टॉर्च घेऊन हाउसिंगकडे बघत राहा.

यानंतर पहिले काही आठवडे टाकीत पातळ तेलकट तवंग येत राहील. लोक घाबरून परत फोन करतात. हीटरच्या कोपऱ्यात, होजच्या अस्तरात मुरलेलं तेल हळूहळू सुटतं. थंड गाडीत टिश्यूने तवंग उचलून टाका आणि दर वेळी त्याचा फोटो काढून ठेवा. दर आठवड्याला कमी होत असेल तर जुनंच आहे, महिन्याभराने एकदा धुवा की संपलं. तेवढाच राहिला किंवा वाढला, आणि डिपस्टिकवर तेल कमी होत असेल, तर मात्र हेडच्या तेलपुरवठ्याकडे वळायची वेळ आली.

राहिला बेअरिंगचा प्रश्न. ९४४ चं दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग मुळातच बदनाम आहे, आणि ग्लायकॉल बेअरिंगच्या धातूचं वाटोळं करतं. बरणीत कूलंट दिसलं नसेल तर नुसतं तेल बदला, हजारभर मैलांनी पुन्हा बदला, आणि विसरून जा. दिसलं असेल तर काढलेल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. रिपोर्टमध्ये सोडियम, पोटॅशियम आणि ग्लायकॉल बघा, आणि त्यांच्याबरोबर तांबं, शिसं आणि कथिल. पहिले तीन वाढलेले आणि बाकीचे साधारण असतील तर कूलंट गेलं पण बेअरिंग अजून धड आहेत. शिसं आणि तांबंही चढलेलं असेल तर गाडी चालवू नका, सम्प उतरवून रॉडची बेअरिंग बघा. इंजिन गाडीतच ठेवून ते करता येतं, क्रॉसमेंबर (इंजिनाखालची आडवी तुळई) खाली घ्यावा लागतो. जुना फिल्टरही फेकू नका, कापून उघडा आणि त्यातला कागद उन्हात धरून चमचमतोय का ते बघा. रिपोर्ट आला की आकडे, गाडीचे मैल आणि ते तेल किती मैल वापरलेलं होतं हे तिन्ही इथे लिहा, म्हणजे सम्प उतरवायचा की नाही ते सांगता येईल.